चौघांत सांगण्याजोगी मिती

कंडक्टरने तारांच्या चौकटीतून दोन बोटे आत घातली, ती आतल्या दुसऱ्या चौकटीला अडली तशी बाहेर काढली आणि मग मृत्युंजयकडे पाहिले.

"कोंबडं कुठाय ह्यातलं?"

"कोंबडं नाही. हा पिंजरा नाही."

"मंग आकाशकंदील?"

"तोही नाही."

"न्हाय, जितं जनावर असलं तर तिकीट लागतंय. म्हणून इचारलं."

एवढ्यावर थांबता आले असते. पण कोणी काही चुकीचे समजून पुढे निघाले की मृत्युंजयला चपलेत खडा शिरल्यासारखे होई, आणि तो काढल्याशिवाय त्याला पाऊल टाकवत नसे. मांडीवरची चौकट सावरत तो हलक्या आवाजात म्हणाला, "ही खरं तर सावली आहे. चार मितींतल्या घनाची तीन मितींत पडलेली."

कंडक्टर क्षणभर विचारात पडला. मागच्या बाकावरचे दोघेही पडले.

"सावलीला तिकीट न्हाय," असा निर्णय देऊन तो पुढे सरकला.

हुपरीची बस उचगाव सोडून पुढे निघाली होती. तांब्याच्या तारेचे ते खोक्यातले खोके मृत्युंजयने कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आपल्या माडीवर बसून स्वतः जोडले होते. बाहेर एक मोठे खोके, आत एक लहान, आणि आतल्या प्रत्येक कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत ताणलेली एकेक तार. त्याने आजवर कोणाला काही भेट दिली नव्हती, आणि हीदेखील भेट नव्हती. हा पुरावा होता. शेजारी उभ्या असलेल्या बाईंची दुधाची किटली एका वळणावर त्या पुराव्यावर येऊन टेकली आणि आतले खोके एका अंगाला कलले. "लागलं काय हो त्येला?" असे बाईंनी इतक्या मायेने विचारले, की "नाही" म्हणण्यावाचून त्याला गत्यंतर उरले नाही.

त्याचे असे झाले होते. हुपरीच्या एका शाळेत शिकवणाऱ्या शिवांजलीची आणि त्याची ओळख विज्ञान प्रदर्शनात झाली. तो परीक्षक होता, आणि तिच्या विद्यार्थ्यांच्या तक्त्यावरच्या तीन चुका त्याने विद्यार्थ्यांदेखत काढून दाखवल्या होत्या. तिने त्याला चहा दिला आणि म्हटले, "चौथी राहिली. चहात साखर नाही." त्या चहापासून पुढचे सगळे घडले. दोन्ही घरे लिंगायत, दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांच्या ओळखीचे. थोरांची बैठक पेढ्यांपर्यंत आली होती. मृत्युंजयच्या चुलत्यांनी बैठकीत छाती काढून सांगितले होते, "आमचं पोरगं चौथ्या मितीवर डॉक्टर हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. शिवांजलीच्या वडिलांनीही, म्हणजे बसाप्पांनीही डोलावली. पण हुपरीला परतताना त्यांच्या लक्षात आले, की आपण ज्याला मान डोलावली ते आपल्याला दुसऱ्याला सांगता येणार नाही. पेढे तिथेच थांबले. चार दिवसांनी निरोप आला: पोराला एकट्याला पाठवा, काय करतो ते त्याच्या तोंडून ऐकू दे, मग काय ते ठरवू.

सकाळी शिवांजलीचा मेसेज आला होता. 'आप्पांना दुरुस्त करू नकोस. चुकले तर चुकू दे. बाकी काहीही कर.'

मेसेज त्याने वाटेत चारदा वाचला. तो पाळणे अवघड जाईल असे त्याला वाटले नव्हते. आपण फार बोलतच नाही, अशी त्याची स्वतःविषयी समजूत होती.

*

बसाप्पांच्या घरी पुढचा सोपा म्हणजेच चांदीचा कारखाना होता. भिंतीच्या आकड्यांना पैंजणांची जुडगी लटकत होती, खिडकीखाली आकाराम नावाचा जुना कारागीर फुंकणी तोंडात धरून सांधे जोडत बसला होता, आणि मधोमध काचेच्या पेटीत चांदी जोखायचा काटा देव्हाऱ्यासारखा मांडलेला होता. बसाप्पा गादीवर बसले होते. कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि चेहऱ्यावर आयुष्यभर दुसऱ्याचा माल पारखलेल्या माणसाची सावध शांतता.

"शरणार्थी," लिंगायतांच्या रिवाजाने हात जोडत ते म्हणाले. "या, बसा."

त्यांना 'काका' म्हणावे की 'मामा', याचा निर्णय मृत्युंजयने बसमध्येच करायचे ठरवले होते आणि तो झाला नव्हता. त्यामुळे त्याने कोणत्याही संबोधनाशिवाय नमस्कार केला आणि चौकट दोघांच्या मध्ये ठेवली.

बसाप्पांनी ती उचलली. अंगठ्याने तार चाचपली, सांधे पाहिले, कललेल्या आतल्या खोक्यावर नजर थांबवली आणि कौतुकाने मान हलवली.

"नमुना बरा हाय. घुंगराच्या आत घुंगरू. पैंजणाला लावलं तर म्हैसूरकडं खपंल. पर चांदीत केलं तर वजन लई व्हईल."

"हा नमुना नाही," मृत्युंजय म्हणाला.

आत स्वयंपाकघरात एक भांडे आपटले.

"असूं दे," बसाप्पा म्हणाले. "मी का बोलावलं ते सांगतो. सांजच्याला आमी चौघंजण मठाच्या पायरीवर बसतो. एकाचा जावई ब्यांकेत हाय. एकाचा साखर कारखान्यात. एकाचा मिल्ट्रीत. एका शब्दात काम हुतंय. माझी पाळी आली की मी काय सांगू? डॉक्टर म्हणलं, तर ते आपल्या गुडघ्यावर औषध मागायला येत्याल. तवा तुमी मला असं सांगा, की मला चौघांत सांगता येईल."

मागणी न्याय्य होती. मृत्युंजयने घसा साफ केला. विद्यापीठात त्याने हा विषय अनेकदा मांडला होता. पण तिथे समोरची माणसे आधीच पटलेली असत किंवा झोपलेली.

"एक ठिपका घ्या," तो म्हणाला. "तो सरकवला की रेघ होते. रेघ तिच्या काटकोनात सरकवली की चौकोन. चौकोन वर उचलला की खोकं."

"रेघ, चौकोन, खोकं. कळलं. म्होरं?"

"आता हे खोकं अशा दिशेला सरकवायचं, जी या तिन्ही दिशांना काटकोनात आहे."

बसाप्पांनी सोपा न्याहाळला. दाराकडे पाहिले, छताकडे पाहिले, गादीखाली पाहिल्यासारखे केले.

"कंच्या दिशेला?"

"ती दाखवता येत नाही."

"मंग सरकवायचं कुठं?"

आकारामने फुंकणी तोंडातून काढली. इतका वेळ गप्प राहिल्याचा ताण त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"आण्णा, म्या बघून आलोय की. जत्रेत. सेव्हन-डी म्हणत्यात त्येला. खुर्ची हालती, पाठीत वारं सुटतंय, आन शेवटाला तोंडावर पाणी उडतंय. सात हायती एकूण." मग तो मृत्युंजयकडे वळला आणि अतिशय आपुलकीने म्हणाला, "पावणं अजून चौथ्यातच हायत व्हय? व्हईल, व्हईल. सावकाश."

"ते वेगळं," मृत्युंजय म्हणाला. "पाणी उडणं ही मिती नव्हे."

आतून दुसरे भांडे आपटले. हे मोठे होते.

बसाप्पांनी मात्र चौकट पुन्हा हातात घेतली होती, आणि धंद्याच्या सवयीने त्यांची नजर वैगुण्याकडेच जात होती.

"ह्यात माप चुकलंय. भायेरचं खोकं मोठं, आतलं बारीक."

"चुकलं नाही. दोन्ही सारखीच आहेत."

आकारामने पुन्हा तोंडाकडे नेलेली फुंकणी खाली घेतली.

"सारखी?"

"आतलं चौथ्या दिशेला लांब गेलंय, म्हणून लहान दिसतं. मुळात दोन्ही एकाच मापाची आहेत."

बसाप्पांनी मोठ्या खोक्याची एक बाजू वितीने मोजली, लहानाची बोटांनी. मग काचेच्या पेटीकडे पाहिले.

"काट्यावर टाकू काय?" त्यांनी शांतपणे विचारले. "बारीक दाखवून मोठं म्हणायचं, ह्येला आमच्या धंद्यात एक शब्द हाय. पावण्याम्होरं बोलत न्हाय."

आपण बोलत आहोत ते खरे आहे आणि तरीही खोटेपणासारखे ऐकू येत आहे, या दोन गोष्टी एकाच वेळी जिथे नांदू शकतील अशी जागा त्या सोप्यात मृत्युंजयला कुठे सापडेना.

त्या वेळी पाण्याचा तांब्या घेऊन शांतव्वा, शिवांजलीची आई, बाहेर आली. तिने दाराआडून सगळे ऐकले होते. तांब्या ठेवून ती चौकटीजवळ टेकली आणि आतल्या कललेल्या खोक्याकडे पाहू लागली.

"लांब गेलं की बारीक दिसतंयच की," ती नवऱ्याला म्हणाली. "आमचा ल्योक आदर्श बेंगळुराला गेला. मोबाइलात एवढासा दिसतोय, अंगठ्याएवढा. म्हणून काय त्यो बारीक झाला व्हय?" आणि मग पाहुण्याकडे वळून, पदर सारखा करत, "म्हंजे आमचा आदर्श बी तितंच हाय म्हणा. तुमच्या त्या चौथ्यात."

तिने हे जरा हसत म्हटले, पण तिचे डोळे हसत नव्हते. दार उघडून धरावे तसे तिने ते वाक्य उघडून धरले होते. त्यातून आत यायचे एवढेच काम होते.

"नाही," मृत्युंजय म्हणाला. "बेंगळुरू याच मितींत आहे."

या खेपेस आतून कोणतेही भांडे आपटले नाही. ते अधिक वाईट होते. शांतव्वाने तांब्या पुन्हा उचलला, तो भरलेलाच होता, आणि ती आत गेली. दाराच्या चौकटीत उभ्या असलेल्या शिवांजलीने डोळे मिटून घेतले होते.

मृत्युंजयने मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिले. आपण एका आईच्या हातून मुलगा हिसकावून घेतला आणि तो नकाशावर जागच्या जागी ठेवून दिला, असे त्याला वाटले. एवढी अचूकता कोणी मागितली होती?

मग बसाप्पा पुढे झुकले. त्यांचा आवाज उतरला होता, आणि आतापर्यंतचे 'तुम्ही' त्यातून गळून पडले होते.

"एक खरं सांग. तुला दिसतीया का ती?"

पाहुण्याचा मान गेला, हे मृत्युंजयच्या ध्यानात आले. त्याने चौकटीकडे पाहिले. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. परीक्षकांनी समीकरणे विचारली होती, संदर्भ विचारले होते. हे विचारणे सगळ्यांनाच अडचणीचे गेले असते. रात्री दिवा मालवल्यावर डोळे मिटून तो कित्येकदा त्या दिशेला वळू पाहत असे. भिंतीकडे नाही, छताकडे नाही, उशीकडेही नाही. दर वेळी शेवटी तो फक्त कूस बदले.

"नाही," तो म्हणाला. "मलाही दिसत नाही."

"कवाच न्हाय?"

"कधीच नाही."

"किती वरसं करतोयस हे?"

"सहा-सात."

"मंग करतोस काय नेमकं?"

"सावली पाहतो. सावलीवरून वस्तू कशी असेल ते मांडतो. बहुतेक वेळा चुकतं. मग पुन्हा मांडतो."

बसाप्पा उठले. एका आकड्यावरचे पैंजणांचे जुडगे काढून त्यांनी गादीवर ठेवले आणि त्या जागी चौकट अडकवली. खिडकीतून दुपारचे ऊन येत होते. चौकटीची सावली शेणाने सारवल्यासारख्या हिरवट फरशीवर पडली: नुसत्या रेघा, चौकोनात चौकोन. बसाप्पांनी बोटाने चौकटीला जरासा झोका दिला. रेघा तिरप्या झाल्या, एकमेकींत शिरल्या, एक रेघ दुसरीच्या पोटात नाहीशी झाली आणि जराशाने परत निघाली. आतला कललेला चौकोन तेवढा हट्टाने वाकडाच राहिला.

"ही सावली कशाची?"

"या तारेची."

"आन ही तार?"

"तीही सावलीच. तिकडच्या वस्तूची."

"म्हंजे खालती पडलीय ती सावलीची सावली."

मृत्युंजयने ते वाक्य सवयीने तपासले. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. "हो," तो म्हणाला.

बसाप्पा हलणाऱ्या रेघांकडे पाहत उभे राहिले. आकारामही पाहत होता. त्याने हळूच विचारले, "आन खरी वस्तू कुठाय मंग?"

"हितं मावत न्हाय ती," बसाप्पाच म्हणाले. मग आत तोंड करून, "पानं घ्या."

जेवताना मितीचा विषय निघाला नाही. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, उसळ आणि दही. शांतव्वाने त्याला दही दोनदा वाढले, पण त्याच्याकडे न पाहता. बसाप्पा उसाच्या दराविषयी आणि पंचगंगेच्या पाण्याविषयी बोलले. आकारामला त्यांनी जेवणाआधीच कसल्याशा निरोपासाठी बाजारात पिटाळले होते. शिवांजली वाढत होती. एकदा पानावर वाकताना ती पुटपुटली, "एकच सांगितलं होतं."

निघताना मृत्युंजयने आकड्याकडे हात नेला.

"राहू दे ती हितंच," बसाप्पा म्हणाले.

तारेची किंमत धरून दंड वसूल होत आहे की काय, असे त्याला क्षणभर वाटले. होकार नाही, नकार नाही. पायांत चपला घालेपर्यंत तो वाट पाहत राहिला. दुसरी चप्पल घालायला त्याने जरुरीपेक्षा अधिक वेळ लावला. बसाप्पा पुन्हा गादीवर बसून चष्मा लावून पैंजणांचे जुडगे सोडवू लागले होते.

*

परतीची बस तासाभराने लागली. कंडक्टर तोच होता.

"कोंबडं खपलं वाटतं," तो म्हणाला.

मृत्युंजयने तिकीट घेतले आणि खिडकीशी बसला. रिकाम्या मांडीवर त्याचे दोन्ही हात अजून चौकटीएवढे अंतर राखून होते. त्याने ते जवळ घेतले, तर ते अधिकच रिकामे वाटू लागले; म्हणून परत होते तसे ठेवले. चुलत्यांना काय सांगायचे याचा तो विचार करू लागला. वाक्य साधे होते: त्यांना समजावता आले नाही. ते त्याने मनात दोनदा मांडले आणि दोन्ही वेळा बरोबर आले.

बस सुटायच्या बेतात एक म्हातारबाबा चढले, फेटा सावरत त्याच्याशेजारी बसले, आणि श्वास जागेवर आल्यावर त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत निरखले.

"पावणं, बसाप्पाण्णांचं व्हणारं जावई तुमीच न्हवं का?"

मृत्युंजयने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

"न्हाय, आकाराम मघाशी दुकानात पेढं घ्यायला आलता, त्यो सांगत हुता. बारीक अंगाचं हायत, खालमानी हायत, चौथ्या मितीत कामाला हायत म्हणून."

"पेढे?"

"किलोभर. आन सांजपातूर दम कुठला निघतोय? आण्णांचं फोनवर सगळ्यास्नी सांगून झालंय. माझ्या म्हेवण्याला तर दोनदा सांगितलं." बाबा सरसावून बसले. ऐकलेले सांगण्यात त्यांना आनंद वाटत होता. "जावई म्हणं एक वस्तू हुडकतोय. सात वरसं झाली, घावली न्हाय. तरी रोज सकाळी उठून जातोय. आन इचारलं, दिसली का, तर न्हाय म्हणतोय. सरळ तोंडावर. आण्णा म्हणत हुतं, माझ्या सोप्यावर चाळीस वरसं माणसं येत्यात, जो त्यो म्हणतोय माल शंभर नंबरी. न्हाय म्हणणारा ह्यो पयला आला. तिथं पोरगी द्यायची न्हाय, तर कुठं द्यायची?"

मृत्युंजयचे मांडीवरचे हात एकमेकांत गुंतले.

बस हलली. बाहेर चांदीच्या दुकानांच्या पाट्या मागे जाऊ लागल्या, लहान होत होत.

"तितं म्हणं लई लांब असतंय सगळं," बाबा म्हणाले. "म्हणून बारीक दिसतंय. शांतव्वा सांगत हुती आमच्या मंडळीला. त्येंचा आदर्श बी तितंच हाय म्हणं. बेंगळुरात."

चपलेतला खडा टोचला. मृत्युंजयने तोंड उघडले. बाबा विश्वासाने त्याच्याकडे पाहत होते. या विषयातला अखेरचा शब्द ज्याचा, तो माणूस त्यांना आयताच शेजारी मिळाला होता. खिडकीबाहेर उसाच्या फडावर उतरते ऊन होते आणि रस्त्याकडेच्या खांबांच्या सावल्या शेतात लांबवर पडल्या होत्या.

"व्हय," तो म्हणाला. "तितंच हाय."